एकच कान, की दोन्ही?

घाट

फोंडाघाटात माणसांचे कान बसतात, यात नवल काही नाही. मी चौदा वर्षं लाल गाडीवर कंडक्टर आहे आणि त्यातली निम्मी तरी कणकवली-कोल्हापूर मार्गावर गेली. तिसऱ्या-चौथ्या वळणाला तान्ही मुलं रडायला लागतात, कॉलेजची पोरं जांभया देतात आणि एखादी म्हातारी विचारते, "बाय, गाडीचो आवाज कित्या कमी झालो गो?" गाडीचा आवाज तेवढाच असतो. मी पिशवीतल्या डब्यातून आमसूल काढून तिच्या हातावर ठेवते आणि चोखायला सांगते. आंबट चोखलं की लाळ सुटते, लाळ गिळली की कानात टक् होतं आणि गाडी पुन्हा खडखडायला लागते. लेकुरवाळीला सांगते, पोराला अंगावर घे. कानाचं वैद्यक एवढंच, अशी माझी समजूत होती.

आमच्या ड्रायव्हर-कंडक्टर लोकांत एक बोलणं आहे: घाटात बसलेला कान घाटातच सुटतो. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर मला सर्दी झाली. नाक चोंदलेलं असतानाच मी ड्युटीवर गेले. कोल्हापूरहून परतताना खाली फोंड्याला उतरलो तेव्हा दोन्ही कान बंद होते. उजवा बाजारपेठ येईपर्यंत सुटला. डावा सुटला नाही.

पहिले आठ दिवस मी त्याची थट्टाच केली. आत कोणीतरी अंगठा दाबून धरलाय असं वाटायचं. दुखायचं नाही फारसं, पण तो अंगठा हलायचाही नाही. सगळ्यांत विचित्र म्हणजे माझाच आवाज. "तिकीट बोला" म्हटलं की ते मडक्यात तोंड घालून म्हटल्यासारखं माझ्याच डोक्यात घुमायचं, आणि बाहेर कोणाला ऐकू गेलं की नाही याचा पत्ता लागायचा नाही. म्हणून मी जास्त ओरडायचे. लोक म्हणाले, बाई हल्ली चिडक्या झाल्यात.

काट्याने काटा

आता माझा शहाणपणा सांगते. घाटात बसला तर घाटच सोडवील, म्हणून मी डेपोत जाऊन कोल्हापूरची ड्युटी मागून घेतली. ड्युटी लावणारा कारकून चष्म्यावरून बघत राहिला.

"बाई, घाट चुकवूक लोक माझ्या पाया पडतत, आणि तू मागान घेतंस?"

"हवापालट," मी म्हटलं.

पंधरा दिवस मी रोज घाट चढले आणि उतरले. आमच्या गाडीचे ड्रायव्हर परब यांनी उपाय सांगितला. "नाक दाब, तोंड मीट आणि जोरात फुक. फट् करून सुटतलो." मी फुंकलं. उतरणीच्या प्रत्येक वळणावर फुंकलं. एके दिवशी इतकं जोरात फुंकलं की कानात सुई गेल्यासारखी कळ आली, डोळ्यांपुढे रस्ता तिरका झाला आणि मी पायरीवरच बसले. परबांनी गाडी बाजूला घेतली. प्रवासी म्हणाले, बाईंना गाडी लागली. चौदा वर्षांत मला गाडी लागली नव्हती. लाज वाटली मला.

घरी आईने लसूण घालून खोबरेल कडवलं आणि कोमट करून कानात सोडलं. अर्ध्या कोकणाने हे केलंय, मीही केलं. तेल आत राहिलं आणि अंगठा आणखी घट्ट झाला.

आरसा

नोव्हेंबर सरत आला होता. दाजीपूरच्या अलीकडे एका वळणावर मी कंडक्टरच्या सीटवर बसले होते आणि सहज ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या मोठ्या आरशात बघितलं. त्यात माझे बाबा बसले होते.

डावा तळहात कानावर. दाबायचा, सोडायचा. दाबायचा, सोडायचा. मान किंचित डावीकडे कललेली, जसं कोणीतरी भिंतीपलीकडे बोलतंय आणि ते ऐकायचंय. सत्तावीस वर्षांपूर्वी आमच्या पडवीत शेवटचं वर्षभर बाबा असेच बसायचे.

मी हात खाली घेतला. आरशातल्या हातानेही तेच केलं. ती मीच होते, खाकी कपड्यांत, पंचेचाळीस वर्षांची. बाबा गेले तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्या दिवसानंतर मी आरशाकडे पाठ करून बसायला लागले, पण हात माझा ऐकेना. जरा विसरले की तो कानावर जाऊन बसायचा.

चिठी

हा भाग लिहायचा नव्हता. पण तो गाळला तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

माझे बाबा तांडेल होते, बोटीवरचे मुख्य. मालवणच्या किनाऱ्यावर, आमच्या वाडीतल्या एका ट्रॉलरवर. त्यांचाही डावा कान बसला. म्हणायचे, "माका माझोच आवाज भुतूरसून येता. कोणतरी माझ्या आदी बोलता." तीन महिने झाल्यावर मालवणच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांच्या नावाने इंग्रजीत चिठी दिली. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. बारावीत होते आणि त्याचा मला भयंकर तोरा होता.

पडवीत सगळे जमले होते. मी चिठी मोठ्याने वाचली आणि मालवणीत अर्थ सांगितला: डावा कान, तीन महिने बंद. कृपया नाकाची मागची बाजू तपासावी. मग मी माझ्या पदरचं जोडलं. "दुखता कान आणि डॉक्टर सांगता नाक बघ. ह्येंका कान खंय आणि नाक खंय ताच म्हायत नाय."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने बाबा हसले. म्हणाले, "माझ्या नाकाक काय झाला? सुकलेल्या म्हावऱ्याचो वास माका वरच्या वाडयेतसून येता." चिठी घडी घालून पंचांगात ठेवली गेली आणि गोवा राहिलं.

नंतर देवळात कौल लावला. कौलाचा अर्थ लावणाऱ्या घाड्याने सांगितलं, बाबांचा धाकटा भाऊ बुडून गेला होता तो हाक मारतोय. किनाऱ्यावर कोंबडा बळी दिला. बाबांना ते पटलं, कारण आवाज तर त्यांना खरोखरच येत होता. मग जबड्याखाली गाठ आली. मग नाकातून रक्त यायला लागलं. तेव्हा सगळे गोव्याला चला म्हणत होते आणि बाबा नको म्हणत होते. पुढचा मासेमारीचा हंगाम सुरू व्हायच्या आत ते गेले. लोक म्हणाले, गळ्याचं दुखणं. नाव कोणी घेतलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या चिठीतल्या त्या दोन ओळी मला आजही तोंडपाठ आहेत.

तपासणी

माझ्या नवऱ्याचं, किशोरचं, कट्टा गावात किराणा दुकान आहे; राहतो आम्ही माझ्या माहेरीच, आईजवळ. गिऱ्हाईक देव मानणारा माणूस. त्याने दोनदा काहीतरी विचारलं, मी दोनदा भलतंच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा त्याने माझ्या उजव्या बाजूला येऊन सांगितलं, "उद्या दुकान बंद ठेवतंय. तू माझ्यावांगडा डॉक्टरकडे येतंस. इषय संपलो."

कणकवलीतल्या कानाच्या डॉक्टरांनी आधी कानातलं तेल साफ केलं. ते बघून त्यांनी नुसता उसासा टाकला. मग दिव्याने आत बघितलं. पडद्यामागे पाणी साठलंय, म्हणाले.

"एकच कान, की दोन्ही?"

"एकच. डावा."

"किती दिवस?"

"तीन महिने होतील."

त्यांनी हातातलं यंत्र ठेवलं आणि दुसरं घेतलं. बारीक, लांब नळीचं. "आता नाक बघतो," ते म्हणाले. "अगदी मागे."

माझ्या तोंडून आधी हसल्यासारखा एक आवाज आला. मग मी रडायलाच लागले. डॉक्टरांना वाटलं नळीला घाबरले. ते धीर द्यायला लागले की दुखत नाही, औषध मारतो, बधिर होतं. किशोरला काही कळेना. मला सांगताही येईना. सत्तावीस वर्षं मी स्वतःशी घोकत आले होते की तो म्हातारा डॉक्टर चुकला असेल, ते एक वेडगळ वाक्य होतं, माझ्या हसण्याने काही बिघडलं नाही. आणि आता दुसरा एक डॉक्टर, ज्याने तो कागद कधी पाहिला नव्हता, तेच वाक्य माझ्या तोंडासमोर बोलत होता.

नळी काढल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. कानातली हवा नाकाच्या मागे उघडणाऱ्या एका बारीक नळीतून ये-जा करते. गिळताना, जांभई देताना ती उघडते. सर्दीने सुजली की घाटात, विमानात, पाण्याखाली कान बसतो, आणि सर्दी गेली की बहुतेकांचा आपोआप सुटतो. "पण मोठ्या माणसाचा एकच कान महिनोन्महिने बसून राहिला, तर त्या नळीच्या तोंडाशी काही वाढलंय का, ते बघितल्याशिवाय सोडायचं नसतं. तुमच्यात तिथे थोडा उंचवटा दिसतोय. बऱ्याचदा ते साधंच असतं. तरी तुकडा काढून तपासायचा. तेव्हाच पडद्याला छोटं छिद्र पाडून पाणी काढू आणि एक बारीक नळी बसवू."

"साधं नसलं तर?" किशोरने विचारलं.

"तर लवकर कळलं, असं म्हणायचं."

घरातले

घरी सांगितलं तेव्हा आई भाजी निवडत होती. ती उठली, माझ्या कानावर हात ठेवला आणि म्हणाली, "बापाशीचो कान तुका लागलो." मग घाड्याकडे कोणाला पाठवायचं ते ठरवायला लागली.

किशोर माझ्या आईसमोर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "आई, एकदा झाला ता पुरे झाला. आता कोंबो नको." आई भाजी उचलून आत गेली. तीन दिवस ती त्याच्याशी बोललीच नाही. जेवायला वाढायची, पण ताट सरकवून. किशोर माझ्याशी फार गोड बोलायला लागला, त्याचीच मला जास्त भीती वाटली. मधल्या मध्ये मी बंद कानाची बाजू दोघांकडे करून बसायचे. बसलेल्या कानाचा तेवढा एक फायदा.

कोल्हापूर

ऑपरेशन कोल्हापूरच्या मोठ्या हॉस्पिटलात होतं; तिथे आम्ही आमच्याच गाडीने गेलो. परब ड्रायव्हर होते आणि कंडक्टर म्हणून नवी मुलगी होती. घाट सुरू झाल्यावर ती सगळ्यांना सोडून आधी माझ्याकडे आली आणि माझ्यासमोर डबा धरला. आमसुलं. परबांनी आदल्या दिवशीच तिला ठेवायला सांगितली होती म्हणे. परबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं नाही. उतरताना म्हणाले, "फुकूक मीच सांगललंय. माका माफ कर गो." मी म्हटलं, "तुमी सांगलास, पण फुकलंय मी."

हॉस्पिटलातला दिवस लांब असतो एवढंच खरं. सकाळपासून उपाशी. हिरवा झगा. बांगड्या काढायला लावल्या; दोन निघेनात, त्यांना चिकटपट्टी लावली. नर्सबाईने डाव्या कानाशी पेनाने बाण काढला, चुकू नये म्हणून. शेजारच्या खाटेवर गडहिंग्लजची एक बाई होती, तिने विचारलं, "कानाचं होय? मग नाकाचं कागद कशाला?" मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

शुद्धीवर आले तेव्हा प्रथम कळलं ते असं की खोलीत फार गोंगाट आहे. पंखा कुरकुरत होता. कोणाच्या तरी चपला फरशीवर घासत होत्या. आणि अगदी डाव्या बाजूला, कानाला लागून, काहीतरी फाटल्यासारखा आवाज येत होता. किशोर मोसंबं सोलत होता. मी त्याला म्हटलं, "हळू सोल." तो थांबला, माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घालून पुन्हा सोलायला लागला. ती फोड मला खायची परवानगी नव्हती, म्हणून त्याने स्वतःच खाल्ली. डोळे पुसत खाल्ली.

अंगठा गेला होता. पण तुकडा कोल्हापुरात राहिला होता, आणि रिपोर्टला नऊ दिवस लागणार होते.

नऊ दिवस

त्या नऊ दिवसांत मला सगळं ऐकू येत होतं आणि ऐकायला काही नको होतं. समुद्र आमच्या माहेरच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. पूर्वी त्याचा आवाज कानावर यायचा आणि जायचा, कधी लक्ष गेलं नाही. आता तो डाव्या कानात सारखा होता. दिवसाढवळ्या अंगणात कपडे वाळत घालताना वाटायचं, मागे पडवीत कोणीतरी बसलंय, तळहात दाबतंय, सोडतंय. वळून बघायचे नाही. बघितलं तर रिकामी खुर्ची दिसणार हे माहीत होतं, आणि रिकामी दिसेल म्हणूनच बघवत नव्हतं. बाबांना त्या बुडालेल्या काकाने बोलावलं नव्हतं, मीच हसून त्यांना पाठवलं, हे मला त्या दिवसांत पक्कं वाटायला लागलं.

सातव्या दिवशी दुपारी आई जुनं पंचांग घेऊन आली. सत्तावीस वर्षांपूर्वीचं. त्यातून तिने घडी घातलेला कागद काढला. घडीवर तो फाटायला आला होता.

"तेव्हा वाचललंस, ता परत वाच," ती म्हणाली.

मी म्हटलं, "माका पाठ आसा."

"पाठ नको. बघून वाच."

मी वाचलं. डावा कान, तीन महिने बंद. कृपया नाकाची मागची बाजू तपासावी. या वेळी माझ्या पदरचं काही जोडलं नाही.

आई बराच वेळ कागदाकडे बघत होती. तिला अक्षर कळत नाही. मग म्हणाली, "हसलंव आमी सगळीच. तू एकली नाय. तू ल्हान होतंस. मी खंय ल्हान होतंय?"

एवढं म्हणून ती उठली आणि चुलीकडे गेली. मला वाटलं होतं, कोणी असं म्हटलं तर मला मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. फक्त तोपर्यंत ते ओझं माझं एकटीचं आहे असं मी धरून चालले होते, आणि आई तेच ओझं पंचांगात घालून सत्तावीस वर्षं सांभाळत होती. आम्ही एकाच घरात एकमेकींपासून ते लपवत होतो.

रिपोर्ट

काही निघालं नाही. लहानपणी नाकामागे असते ती गाठ काही जणांत थोडी शिल्लक राहते, सर्दीने आणि ॲलर्जीने ती सुजली होती. नाकात मारायचं औषध चार महिने, आणि कानातली नळी वेळ आली की आपली आपण पडेल.

किशोरने कणकवलीच्या डॉक्टरांचे हात धरले. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आणि लगेच लाज वाटली. मी वाचले याची लाज. ती कोणाला सांगितली नाही, इथे पहिल्यांदा लिहितेय.

बाहेर पडताना मी डॉक्टरांना बाबांबद्दल विचारलं. सगळं सांगितलं, हसण्यासकट.

"मानेत गाठ होती?" त्यांनी विचारलं.

"जबड्याखाली. मग नाकातून रक्त."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आज इथे बसून मी नाव देऊ शकत नाही. दिलं तर ते खरं असेलच असं नाही." भला माणूस. पण ते गप्प राहिले तेवढा वेळ मला दोन्ही कानांनी स्पष्ट ऐकू आला.

ज्यांचा कान बसलाय त्यांच्यासाठी

मी डॉक्टर नाही, तिकीट फाडणारी बाई आहे. तरी ठेच लागली ती सांगते. कान बसला तर गिळा, जांभई द्या, काहीतरी चघळा. नाक दाबून फुंकायचंच असेल तर अगदी हलक्याने, आणि सर्दीत मुळीच नको. नाक चोंदलेलं असताना घाट टाळता आला तर टाळा. नाहीच जमलं तर आधी डॉक्टरांकडून नाकाचं औषध घ्या. कानात तेल घालू नका, आई कितीही प्रेमाने घेऊन आली तरी. पडद्यात नळी असेल तर आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस घाला. तलावात, समुद्रात बुडी नको. आणि दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, त्यातून एकच कान असेल, तर घाटाची वाट बघू नका. घाट काही सोडवत नाही.

पुन्हा घाट

मार्चमध्ये मी ड्युटीवर परत आले. बाबा अजून येतात. आरशात येत नाहीत आता. कोणी प्रवासी कानावर हात नेला की येतात.

परवा देवगडहून आलेले एक गृहस्थ कणकवलीला गाडीत चढले. आंब्याची कलमं असलेले, हात त्या कामाने राकट झालेले. बरोबर कॉलेजातली मुलगी होती. घाट अजून लागलाही नव्हता आणि त्यांचा उजवा तळहात कानावर होता. मुलीने माझ्याकडे आमसूल मागितलं. कोणीतरी तिला सांगितलं असावं की बाई देतात.

मी विचारलं, "एकच कान, की दोन्ही?"

"एकच," ते म्हणाले. "घाटाचो नाय ह्यो. दोन म्हयने झाले."

"मग आमसुलान काय होवचा नाय. डॉक्टरकडे जावा आणि नाकाच्या मागे बघूक सांगा."

मुलगी हसली. वाईट नव्हती, गोड हसली. "कान बसलो आणि नाक दाखवूक जावचा? बाई, तुमी पण काय." बापही हसला.

गाडीत अजून सहा-सात जणांची तिकिटं राहिली होती. मी मशीन बाजूला ठेवलं आणि त्यांच्या पुढच्या सीटवर मागे तोंड करून बसले. वहीतला कागद फाडून घेतला, मला तपासलेल्या डॉक्टरांचा पत्ता लिहिला आणि त्याच्या वर बाबांच्या चिठीतल्या त्या दोन ओळी लिहिल्या. इंग्रजीतच, जशा पाठ होत्या तशा. फक्त डाव्याचा उजवा केला आणि तिनाचे दोन.

"इंग्रजी वाचतंस मां?" मी मुलीला विचारलं. "मगे मोठ्यान वाच. आणि बापाशीक अर्थ सांग."

तिने वाचलं, अर्थ सांगितला आणि पुन्हा हसायला तोंड उघडलं.

"हस," मी म्हटलं. "मी पण हसललंय. बारावीत होतंय. माझे बाबा पण हसले. हसान झाला की मात्र जावा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवायला घेतली. थांबली. पुन्हा उघडला, मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि कागद बापाच्या शर्टाच्या खिशात घातला. दाजीपूर येईपर्यंत ती त्या खिशाकडे बघत होती. मी उठून राहिलेली तिकिटं दिली.